शुक्रावर पाऊस पडतोय: जुन्या रॉकेट-श्रुतिकांचं विडंबन कसं लिहावं, कसं वाजवावं

७ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ‘बक रॉजर्स’ ही अवकाशमालिका सुरू झाली आणि त्याच्यामागून रॉकेटं, किरणबंदुका, मंगळावरचे राजे आणि घाबरट प्रोफेसर यांची रीघ लागली. मुलांसाठी पंधरा मिनिटांच्या मालिका, १९३८ मध्ये बातमीपत्राच्या रूपात आलेली मंगळवासीयांची स्वारी, १९५० नंतर मोठ्यांसाठी अर्ध्या तासाच्या कथा, आणि तिकडे बीबीसीवर १९५३ पासून ‘जर्नी इंटू स्पेस’. जानेवारी १९५८ मध्ये एनबीसीची ‘एक्स मायनस वन’ थांबली तोवर हा बहर ओसरला होता.

त्याची थट्टाही तेव्हापासूनच चालू आहे. बॉब इलियट आणि रे गोल्डिंग या अमेरिकी विनोदी जोडीने अवकाश-कॅडेटांच्या मालिकांची नक्कल केली. केनी एव्हरेटने १९७६ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर कॅप्टन क्रेमेन हा विनोदी अवकाशवीर उभा केला. ८ मार्च १९७८ ला बीबीसी रेडिओ ४ वर ‘हिचहायकर्स गाइड’ ही विनोदी अवकाशमालिका आली आणि रेडिओवरच्या विज्ञानविनोदाची उंचीच बदलली.

मराठीत पॉडकास्टसाठी किंवा महाविद्यालयाच्या मंचासाठी असं काही करायचं असेल तर एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून टाका: मालिकेतल्या एकाही माणसाला आपण विनोदी मालिकेत आहोत हे ठाऊक नसतं. कथानक खरंखुरं चाललं पाहिजे, संकट खरं वाटलं पाहिजे, आवाज मेहनतीने केलेले असले पाहिजेत. पुढचं सगळं या एका अटीवर उभं आहे.

आधी नमुना ठरवा, मग साल

‘जुनी विज्ञान-श्रुतिका’ असा एकच प्रकार नाही. नमुने मुख्यतः तीन, आणि त्यांची सरमिसळ केली की ऐकणाऱ्याला कशाची नक्कल चालली आहे तेच कळत नाही.

पहिला, तिशीच्या दशकातली मुलांची मालिका. पंधरा मिनिटं, आठवड्यातून अनेकदा, प्रत्येक भागाच्या शेवटी जीवघेणा पेच, प्रायोजक बोकांडी बसलेला. ‘बक रॉजर्स’ला आधी केलॉग्ज आणि नंतर कोकोमाल्ट हे प्रायोजक होते. दुसरा, बातमीचा बनाव. ३० ऑक्टोबर १९३८ ला नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या मंडळींनी श्रुतिकेतलाच नृत्यसंगीताचा कार्यक्रम मध्येच तोडून मंगळवासीयांच्या बातम्या दिल्या, तो हा. तिसरा, पन्नाशीतली अर्ध्या तासाची स्वतंत्र कथा. निवेदक गंभीर, प्रतिध्वनी भरपूर, शेवट कडू.

नवख्यांनी पहिला घ्यावा. त्याचा सांगाडा इतका ठरीव आहे की थट्टेला जागा आपोआप मिळते. बातमीचा बनाव दिसायला सोपा, पण त्यात पात्रं नसतात. तिसऱ्या भागापर्यंत विनोद आटतो.

नमुना ठरला की एक साल पक्कं करा आणि त्यानंतरचं काहीही माहीत नसल्यासारखं लिहा. समजा १९४९ धरलं. मग शुक्र म्हणजे ढगाखालचं दलदलीचं जंगल, जिथे कायम पाऊस. मंगळावर कालवे. बुध सूर्याला नेहमी एकच बाजू दाखवणारा, त्यामुळे अर्धा भाजलेला, अर्धा गोठलेला. या कल्पना तेव्हा वेडगळ नव्हत्या. शुक्राच्या भट्टीची खात्री १९६२ च्या अखेरीस मरिनर-२ या यानाने पटवली. मरिनर-४ ने १९६५ च्या जुलैत मंगळाचे फोटो पाठवले आणि कालवे कायमचे आटले. बुध सूर्याला एकच बाजू दाखवत नाही हेही १९६५ मध्येच रडारने कळलं. ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात जन्मला असला तरी १९४९ च्या रॉकेटमध्ये जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्हच असणार, आणि ते तापायला वेळ लागणार. तारामंडळ ओलांडणाऱ्या यानात गणित सरकपट्टीवर (स्लाइड रूलवर), निरोप तारेवर आणि बिघाड म्हणजे व्हॉल्व्ह उडणं. ‘संगणक’, ‘लेझर’, ‘कृष्णविवर’ हे शब्द संहितेत दिसले की लाल शाई.

मराठीतल्या लेखकाला इथे एक अडचण येते. प्रायोजकाची लुडबुड हा या प्रकाराचा प्राण, पण आपल्या आकाशवाणीवर तेव्हा जाहिरातीच नव्हत्या. विविध भारतीवर त्या सुरू झाल्या १९६७ च्या नोव्हेंबरात. त्याआधी जाहिरातीसकट कार्यक्रम ऐकायचा तर रेडिओ सिलोन. म्हणून मालिका अमेरिकेतच ठेवा आणि मराठी मात्र जुन्या निवेदकाची, इस्त्रीची वापरा: ‘श्रोतेहो’, ‘तत्क्षणी’, ‘अवकाशयानाच्या अंतर्भागात’. कर्नलसाहेब टेक्सासचे आणि भाषा सदाशिव पेठेतल्या पाठ्यपुस्तकाची, यातून जो विसंवाद तयार होतो तो फुकटचा विनोद आहे. बोलीत आणून त्यांना ‘लोकल’ केलंत तर तो जातो.

भागाचा सांगाडा

पंधरा मिनिटांच्या वेळेत प्रत्यक्ष कार्यक्रम साडेचौदा मिनिटांच्या आसपास असे. उरलेला वेळ केंद्राच्या ओळखीला. साधारण वाटणी अशी ठेवा:

० ते ०:३० — रॉकेटचा आवाज, शीर्षक, घुमणारं नाव
०:३० ते १:३० — प्रायोजक
१:३० ते २:१५ — मागील भागात काय झालं
२:१५ ते ६:३० — पहिला प्रवेश
६:३० ते ७:०० — संगीताचा सांधा, निवेदकाचं एक वाक्य
७:०० ते १२:०० — दुसरा प्रवेश, शेवटी पेच
१२:०० ते १२:३० — निवेदकाचे प्रश्न: ‘कर्नल वाचेल का? प्रोफेसरांचा चष्मा सापडेल का?’
१२:३० ते १३:४५ — पुन्हा प्रायोजक, या वेळी ‘झाकणं पाठवा, बिल्ला मिळवा’
१३:४५ ते १४:३० — पुढच्या भागाची हूल आणि निरोप

शब्दांचा हिशेब असा. मराठी संवाद नाट्यमय गतीने मिनिटाला ११० ते १२० शब्द जातात, जुन्या पद्धतीचा निवेदक १३० पर्यंत. प्रवेशांतला पाव वेळ तरी आवाज आणि विराम खातात. म्हणजे पूर्ण भागाची संहिता चौदाशे ते पंधराशे शब्दांची. दोन हजार लिहून ‘भरभर म्हणू’ असं ठरवलं की पहिला बळी विरामाचा जातो, आणि विनोद तर तिथेच असतो.

मालिका सहा भागांची आखा. खलनायक एक, ठिकाणं दोन, कायमची पात्रं चार. जास्त पात्रं घेतलीत तर रेडिओवर ती ओळखू येणार नाहीत. नावं ठेवताना कानाचा विचार करा: झॉर्ग, झॉर्क आणि झार्गन एकाच प्रवेशात आले की ऐकणारा हरला. पहिलं अक्षर वेगळं, स्वर वेगळा, लांबी वेगळी. नंतर आवाजाचा वरचा पट्टा आपण कापणार आहोत, तेव्हा ‘स’ आणि ‘श’ यांच्यातला फरकही पुसट होईल. फक्त त्या एका अक्षरावर उभा असलेला विनोद आत्ताच काढून टाका.

विनोद कुठे पेरायचा

वाईट विनोद लगेच ओळखू येतो: तो पात्राच्या तोंडून लेखक बोलतो. कर्नल म्हणाला, ‘हे तर अगदी स्वस्तातल्या नाटकासारखं वाटतंय!’ की संपलं. ऐकणाऱ्याने स्वतः करायची गंमत तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतलीत.

उलट, प्रकाराचीच खोड घ्या आणि ती एक पाऊल पुढे न्या. या श्रुतिकांत माहिती देण्याची ठरलेली रीत होती: ज्याला सगळं माहीत आहे त्यालाच सगळं समजावून सांगायचं.

प्रोफेसर: कर्नल, आपणांस ठाऊकच आहे की शुक्रावर अखंड पाऊस पडतो.
कर्नल: ठाऊक आहे, प्रोफेसर. माझा जन्म तिथलाच.
प्रोफेसर: तरीही सांगतो.
कर्नल: सांगा.
(ध्वनी ७: पाऊस, आत्तापर्यंत होता तोच, थोडा मोठा.)
प्रोफेसर: अखंड पडतो.

यात कुणीही डोळा मारत नाही. कर्नलचं ‘सांगा’ आदराने म्हणायचं, वैतागून नाही. वैताग आला की ती साधी कुरबूर होते.

दुसरी खोड म्हणजे चित्र दिसत नाही म्हणून पात्रांनी डोळ्यांसमोरच्या गोष्टीचं वर्णन करणं.

एलेन: कर्नल! ते पाहा! निळं, नऊ फूट उंच, तीन सोंडांचं, आणि डाव्या सोंडेत छत्री!
कर्नल: कुठे?
एलेन: आपला हात धरून उभं आहे.
(विराम, तीन सेकंद.)
कर्नल: मला वाटलं, आपण आहात.

तीन सेकंद संहितेत लिहायचे, नटावर सोडायचे नाहीत. १९३८ च्या त्या प्रसारणात घटनास्थळावरचा वार्ताहर बोलता बोलता तुटतो आणि पाठोपाठ काही सेकंद नुसती शांतता येते. सगळ्या किंकाळ्यांपेक्षा तीच अंगावर येते. शांततेची हीच ताकद विनोदातही आहे, फक्त तिच्यानंतर येणारं वाक्य छोटं हवं.

आणखी काही हमखास चालणाऱ्या जागा. पेचातून सुटका करताना ‘मागील भागात’ म्हणून सरळ वेगळंच सांगणं: गेल्या भागात रॉकेट कड्यावरून कोसळलं, या भागात निवेदक शांतपणे सांगतो की कर्नल कड्याजवळ रॉकेट उभं करून चहाला गेले होते. प्रायोजकाचा माल कथेत घुसणं: मरणाऱ्या मंगळसम्राटाने शेवटचा श्वास ओट्सच्या चवीबद्दल खर्च करणं. आणि स्त्रीपात्र. बऱ्याच मूळ मालिकांत तिला किंचाळण्यापलीकडे फारसं काम नसे. विडंबनात तिला यानातली एकमेव शहाणी व्यक्ती करणं आता इतकं झालंय की त्याची धार गेली आहे. त्यापेक्षा तिचं किंचाळणं हेच तांत्रिक काम करा. धोक्याची घंटा बिघडली आहे, एलेन ती बदली ड्यूटी करते आहे, तिला त्याचा भत्ता मिळतो, आणि ती नियमावलीप्रमाणे किंचाळते.

आवाजाचाच विनोद मात्र सगळ्यात टिकाऊ. यानाचं हवाबंद दार उघडायला अकरा सेकंद लागतात असं पहिल्या भागात ठरवा. फुस्स, कर्र, तीन टक, पुन्हा फुस्स. सगळे मुकाट उभे. दुसऱ्या भागात तेच, संपूर्ण. चौथ्या भागात राक्षस मागे लागलेला आणि दार तेवढाच वेळ घेतंय, राक्षसही थांबतो. यासाठी दाराचा आवाज दर वेळी तंतोतंत एकच हवा. म्हणून तो एकदाच मुद्रित करून ठेवा.

आवाजांचं सामान

जुन्या स्टुडिओत आवाज करणारी माणसं घरगुती वस्तूंवरच काम भागवत. १९३८ च्या प्रसारणात मंगळवासीयांच्या दंडगोलाचं झाकण उघडतं तो आवाज ओरा निकोल्स या बाईंनी बरणीचं झाकण शौचकूपात फिरवून काढला होता. घुमारा तिथे आयता मिळतो. तुमच्या घरीही बहुतेक सगळं आहे.

रॉकेट: हेअर ड्रायर किंवा व्हॅक्यूम क्लीनर दीड फुटावरून वीस सेकंद मुद्रित करा आणि गती निम्मी करा. गती निम्मी म्हणजे स्वर एक सप्तक खाली आणि लांबी दुप्पट. अजून एकदा निम्मी केली की घरघर भारदस्त होते. दोनदा खाली आणायचं ठरवलं असेल तर मूळ मुद्रण ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर करा, नाहीतर वरचा भाग मातकट होतो. उड्डाणाला त्याखाली पत्र्याचा पातळ तुकडा हलवून केलेली गडगड मिसळा.

किरणबंदूक: खेळण्यातली धातूची स्प्रिंग घ्या, ‘स्लिंकी’ म्हणून मिळते ती. प्लास्टिकची नको. तिचं एक टोक कागदी कपाच्या तळात अडकवा, कप वर धरून स्प्रिंग खाली लोंबू द्या आणि खालच्या टोकाला पेन्सिलीने टिचकी मारा. कपाच्या तोंडाशी माइक. ‘प्यूऽऽ’ असा वरून खाली घसरणारा आवाज येतो, कारण स्प्रिंगमधून उंच कंपनं आधी पोचतात आणि खालची मागाहून. मांडणी जमली की एका बैठकीत तीस-चाळीस टिचक्या मुद्रित करून ठेवा. प्रत्येक थोडी वेगळी असते आणि लढाईत तेच हवं.

हवाबंद दार: सोड्याची बाटली सावकाश उघडतानाची फुस्स, लोखंडी कपाटाची मूठ फिरवतानाची खट, आणि जड सरकता ड्रॉवर. कुकरची वाफ मोहात पाडते, पण माइक दोन फुटांच्या आत नेऊ नका आणि वाफेच्या वाटेत तर मुळीच नाही. ओल गेली की माइक चरचरायला लागतो.

परग्रहावरची पावलं: सुती पिशवीत पाव किलो कॉर्नफ्लोअर बांधून मुठीने दाबा, चंद्रधूळ तयार. शुक्राच्या चिखलासाठी परातीत भिजवलेली जुनी बनियन आणि हाताचा पंजा. राक्षसाच्या पोटातले आवाज सैल भिजवलेल्या कणकेतून उत्तम निघतात. बोट आत घालून हळू बाहेर काढा.

यंत्रमानव: बोलणं साधंच मुद्रित करून त्याला ट्रेमोलो (आवाज भराभर लहान-मोठा करणारा परिणाम) लावा, गती सुमारे ३० हर्ट्झ, खोली पूर्ण. शब्दांना दाते पडल्यासारखे होतात. यात जोडाक्षरं पार चिरडतात, म्हणून यंत्रमानवाची वाक्यं तीन-चार शब्दांची ठेवा आणि महत्त्वाचा शब्द शेवटी. शिरस्त्राणातला आवाज हवा असेल तर नटाने स्टीलच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलावं; सॉफ्टवेअरपेक्षा हे बरं, कारण नटही आपोआप जरा मोठ्याने, अडखळत बोलतो.

ऑर्गनचा धक्का: पेच आल्यावर ‘ढँऽऽ’ वाजतं ते. घरी पेटी असली की काम झालं. सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध हे चार सूर एकदम दाबा, भाता जोरात मारा, दोन-तीन सेकंद धरा. पाश्चात्त्य संगीतात भीतीसाठी वापरून वापरून झिजलेला हाच तो स्वरसमूह. सगळे सूर एक एक पट्टी वर सरकवत तीनदा वाजवलात तर संकट वाढलं. पेटीची हवा ऐकू येते ती काढू नका, ऑर्गनला शोभते.

मुद्रणाची जागा आणि मांडणी

त्या काळात आरसीए कंपनीचे रिबन माइक वापरत. त्यांना पुढून आणि मागून ऐकू येतं, बाजूंनी नाही. म्हणून नट माइकच्या दोन्ही अंगांना समोरासमोर उभे राहत, आणि ‘दूर गेला’ दाखवायचं तर बाजूला सरकत. तुमच्याकडे बहुधा साधा यूएसबी माइक असेल, ज्याला फक्त पुढून ऐकू येतं. मग नट अर्धवर्तुळात उभे करा, तोंड आणि माइक यांत एक वीत. लांबचा आवाज म्हणजे दीड मीटर मागे आणि मान बाजूला. नटाला हळू बोलायला लावून लांबचा भास होत नाही. हळू आवाज जवळच वाटतो. त्याने लांबून ओरडलंच पाहिजे.

विनोदी प्रवेश सगळ्यांनी एकत्र, उभ्याने करायचे. वेगवेगळ्या घरी मुद्रित करून जोडलेल्या संवादात प्रतिक्रिया नसते, नुसत्या ओळी असतात. बसून वाचल्यावर दमही तोकडा पडतो. आवाज मात्र बहुतेक वेगळे मुद्रित करून नंतर बसवा. फक्त पावलं, दार आणि झटापट नटांच्या सोबत केली तर ते त्यावर खेळतात.

पंखा बंद, फ्रिज बंद, लॅपटॉप चार्जरवरून काढलेला. फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा. भिंतींवर गोधड्या टांगा, पण खोली पार मुकी करू नका. जुन्या स्टुडिओंना थोडा घुमार होता आणि कपड्यांच्या कपाटात मुद्रित केलेला आवाज लगेच आजचा वाटतो. संहितेची पानं सुटी, एका बाजूला छापलेली. वाचून झालं की पान उलटायचं नाही, खाली सोडून द्यायचं. स्टेपल केलेली संहिता म्हणजे प्रत्येक पानागणिक एक खरखर.

वेळेचा अंदाज: पहिलं वाचन पाऊण तास, आवाजांच्या खुणांसह तालीम दीड तास, मुद्रण एक ते दीड तास. तालमीत सगळे हसतात ते ठीक. मुद्रणात कुणी हसलं तर तो प्रवेश पहिल्यापासून. दाबलेलं हसू आवाजात ऐकू येतं आणि गांभीर्य तिथेच फुटतं. आणि हो, प्रेक्षकांच्या हशाची पट्टी वरून लावू नका. मूळ मालिकांत ती नसते, आणि ती लागली की हे विडंबन न राहता नुसतं प्रहसन होतं.

जुनेपणा चढवणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण तयार ‘जुना रेडिओ’ परिणाम एका क्लिकवर मिळतो आणि तो लावल्यावर दोन मिनिटांत कान किटतो. हाताने करा. ऑडेसिटी किंवा रीपर, ध्वनिसंपादनाचं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. क्रम महत्त्वाचा:

१. यंत्रमानव, शिरस्त्राण, इंटरकॉम हे परिणाम त्या त्या पात्राच्या पट्टीवर (ट्रॅकवर) आधीच लावा.
२. सगळं मोनो करा. त्या काळातल्या रेडिओवर डावं-उजवं नव्हतं. रॉकेट एका कानातून दुसऱ्या कानात गेलं की १९४९ संपलं.
३. एकत्र मिश्रणावर १५० हर्ट्झच्या खालचं कापा.
४. हलकं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटल्यासारखा करणारा परिणाम) द्या, जेमतेम जाणवेल इतकं.
५. मग ५००० हर्ट्झच्या वरचं कापा, उतार सप्तकाला १२ डेसिबल. हे सॅच्युरेशनच्या नंतरच; आधी केलंत तर सॅच्युरेशनने वरचा चरचरीत भाग पुन्हा तयार होतो.
६. कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर कमी करणारा), तीनास एक.
७. सर्वांत शेवटी खरखर, उणे ५० डेसिबलच्या आसपास.

खरखर कॉम्प्रेसरच्या आधी टाकली की प्रत्येक विरामात ती फुगून वर येते, आणि ज्या तीन सेकंदांच्या शांततेवर तुमचा विनोद उभा होता तिथे समुद्र ऐकू येतो. ही चूक घरगुती विडंबनांत सर्रास सापडते.

खरखरीचे प्रकारही ओळखून वापरा. तबकडीची टकटक नियमित फेऱ्यांत येते, रेडिओची चरचर अनियमित. जुने कार्यक्रम आपल्यापर्यंत आले ते बरेचसे सोळा इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून, ज्यांच्या एका बाजूवर पंधरा मिनिटं मावत. टकटक फेऱ्याला एकदा, म्हणजे साधारण १.८ सेकंदाला एकदा पडली की कान विश्वास ठेवतो. शीर्षकाला आणि शेवटाला टाका, मध्ये जवळजवळ काढून घ्या. विजेची गुणगुण घालायचीच असेल तर अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे १२० हर्ट्झचा सूर. आपली ५० ची. तो सूर तिसऱ्या पायरीनंतर मिसळा, नाहीतर पहिल्याच गाळणीत जाईल.

इंटरकॉमचा घोळ वेगळा. टेलिफोनसारखा आवाज म्हणून ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा सगळीकडे सांगितलेला असतो. पण इथे अख्खा कार्यक्रमच १५० ते ५००० मध्ये बसवला आहे, त्यामुळे तो फरक कानाला पुरत नाही. इंटरकॉम ५०० ते २५०० पर्यंत आवळा आणि बोलण्याआधी-नंतर एक ‘टक’ ठेवा. त्या ‘टक’ने अर्धं काम होतं.

भाग तयार झाला की मोनो फाइलचा सरासरी आवाज उणे १९ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणि शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. एमपी-३ मोनो ९६ केबीपीएसवर काढा. ६४ च्या खाली गेलात तर खरखर पाण्यातून आल्यासारखी बुळबुळीत होते. एमपी-३ ला गोंगाट जपणं सगळ्यात जड जातं. मग तो फोनच्या छोट्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात नळ चालू असताना ऐका. प्रोफेसरांची वाक्यं कळली नाहीत तर २ किलोहर्ट्झला तीन डेसिबल चढवा.

हक्कांचं थोडक्यात

जुन्या प्रसारणातला खराखुरा तुकडा ‘वातावरणासाठी’ उचलू नका. अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांनाही संरक्षण आहे, आणि ‘इंटरनेटवर फुकट मिळालं’ म्हणजे हक्क संपले असं होत नाही. संगीत दोनशे वर्षांपूर्वीचं असलं तरी त्याचं मुद्रण कुणाचं तरी असतं; पेटीवर किंवा कीबोर्डवर स्वतः वाजवा. भारतीय कायद्यात विडंबनाचं नाव घेऊन दिलेली सूट नाही, टीका आणि समीक्षेसाठी आहे, तेव्हा पात्रं, यानाचं नाव, घोषवाक्य सगळं नवं ठेवा. नक्कल प्रकाराची करा, एका मालिकेची नको. प्रायोजकही काल्पनिकच हवा; खऱ्या कंपनीचे ओट्स मंगळसम्राटाला चारले तर नोटीस पृथ्वीवरच्या पत्त्यावर येते.

प्रत्येक भागाच्या तीन फाइली जपून ठेवा: खरखर आणि गाळण्या न लावलेलं स्वच्छ मिश्रण, फक्त संवादांची पट्टी, आणि तयार एमपी-३. सहाव्या भागात ‘मागील भागात’साठी पहिल्या भागाचा तुकडा लागतो. तो तयार फाइलमधून घेतलात तर त्यावर गाळण्या दुसऱ्यांदा चढतात आणि कर्नल विहिरीतून बोलल्यासारखा येतो.